दोन प्रार्थनांमधली पंचवीस मिनिटं

रविवारी सव्वानऊला मिस्सा संपायची आणि नऊ चाळीसला उपासना सुरू व्हायची. मधली पंचवीस मिनिटं किल्लीवालीची. चर्च एक, छप्पर एक, घंटा एक आणि धनी दोन. सकाळी आधी कॅथलिक, मग प्रॉटेस्टंट. फार पूर्वी कोणा शहाण्यांनी बसून तसा करार केला होता आणि त्यात ठासून लिहिलं होतं, की एकाची वस्तू दुसऱ्याच्या वेळेत नजरेस पडता कामा नये. लिहिणारे लिहून गेले. वस्तू उचलायला राहिली ही.

तिला नावाने कोणी हाक मारत नसे. कमरेला सात किल्ल्यांचा जुडगा, म्हणून किल्लीवाली. मिस्सेचे लोक बाहेर पडले रे पडले की ती पोपची तसबीर खिळ्यावरून काढून कपाटात ठेवी, गुडघे टेकायच्या फळ्या दुमडी, पवित्र पाण्याच्या भांड्यावर झाकण घाली, स्तोत्रांचे आकडे लावी आणि थोरलं बायबल वाचनाच्या स्टँडवर आणून ठेवी. स्टँड तेवढा दोघांत एकच होता, कारण दुसऱ्याला जागा नव्हती. सगळ्यात शेवटी पेत्राचा, म्हणजे येशूच्या थोरल्या शिष्याचा पुतळा. तो दगडी, हलणार कसा? हातात दोन किल्ल्या घेऊन खांबाशी उभा. त्याच्यावर पडदा ओढायचा. पडद्याचा रंग ठरवायला दोन वर्षं गेली होती आणि शेवटी कोणालाच आवडत नाही म्हणून राखाडी ठरला.

सगळ्या भांडणाचं मूळ हा पेत्रच. मिस्सेवाले म्हणत, प्रभूने त्याला खडक म्हटलं, स्वर्गाच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या, आणि पोप हा त्याच्याच गादीवरचा वारस; घर म्हटलं की एक कर्ता माणूस नको का? उपासनावाले म्हणत, खडक म्हणजे पेत्र नव्हे, त्याने तोंडाने जो विश्वास कबूल केला तो खडक. आणि किल्ल्या साऱ्या मंडळीच्या, त्या एकाच्याच खिशात कशा? दोघांनाही आपलं म्हणणं इतकं उघड वाटे, की समोरच्याला ते कळत नाही म्हणजे तो मुद्दाम करतो, अशी दोघांची खात्री होती. किल्लीवालीला दोन्हीकडचं ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, किल्ल्या ज्याच्या कमरेला असतात त्याला त्या नुसत्या टोचतात. पण तिला विचारतंय कोण?

चर्चच्या मागे दोन खोल्या होत्या. नोकरी आहे तोवर खोल्या. नवरा होता तेव्हा नोकरी त्याची. तो गेल्यापासून अकरा वर्षं हिची. पुढच्या खोलीत स्वयंपाक, मागच्या खोलीत सासूबाई. मांडीचं हाड मोडल्यापासून म्हातारी खाटेला खिळली होती, जीभ मात्र ठणठणीत. दोघींना दुसरं माणूस नव्हतं आणि दुसरं घर नव्हतं. म्हणून करारातलं नववं कलम किल्लीवालीला कुठल्याही प्रार्थनेपेक्षा पक्कं ठाऊक होतं. एकाची प्रार्थना दुसऱ्याच्या वेळेत वाचली गेली, तर सात दिवसांत दोन्ही बाजूंनी एकाच कागदावर सह्या करून प्रकरण मिटवायचं. नाही मिटलं तर चर्चला कुलूप आणि सगळे कोर्टात. आणि चूक राखणदाराची ठरली, तर राखणदार घराबाहेर. पलीकडच्या गावातलं असलंच एक चर्च चौदा वर्षं कुलपात पडलं होतं. तिने ते एकदा फटीतून पाहिलं होतं. आत पारवे नांदत होते.

त्या रविवारी झालं ते असं. नवा पोप निवडून चार दिवस झाले होते. बिशपांच्या कचेरीतून त्याच्यासाठी खास प्रार्थना आली होती, जाड कागदावर, ठळक अक्षरांत, दोन प्रती. एक बाहेरच्या फळ्यावर लावायला, एक फादरांना वाचायला. फादरांनी ती मिस्सेत वाचली आणि कागद स्टँडवरच विसरले. त्यात नवल नव्हतं. फादर चष्माही विसरत. किल्लीवाली उचलायचीच. तिच्या एप्रनच्या खिशात दुसरा कागद तयार होता, तो मास्तरांचा. मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर. उपासनेतली पहिली प्रार्थना वाचायचा मान त्यांचा. डोळे अधू झालेले, म्हणून त्यांची सून दर आठवड्याला ठळक अक्षरांत प्रार्थना छापून द्यायची, तीही जाड कागदावर, आणि किल्लीवाली ती स्टँडवर ठेवायची.

तिने पेत्रावर पडदा ओढला, कागद बदलायचे तेवढे राहिले होते, आणि मागून धप्प आवाज आला. पाठोपाठ सासूबाईंची हाक. ती धावली. म्हातारी पाण्याचा पेला घ्यायला गेली होती आणि खाटेवरून घसरून जमिनीवर बसली होती. "मेले नाही अजून, उचल," ती म्हणाली. उचलून, हाड पुन्हा मोडलं नाही ना हे चाचपून, अंगावर पांघरूण घालून किल्लीवाली परत मागच्या दारात आली, तोवर उपासनेचे लोक बसले होते आणि मास्तर स्टँडपाशी पोचले होते.

मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि वाचायला लागले. आवाज शाळेतला, खणखणीत. "हे प्रभो, ज्याच्या खांद्यावर तू हे ओझं ठेवलंस त्याला बळ दे. त्याच्या मनातलं भय काढून टाक." इथवर कोणाला काही वाटलं नाही, बळ सगळ्यांनाच हवं असतं. "पेत्राच्या आसनावर बसलेल्या आमच्या पवित्र पित्याला..." किल्लीवालीचा हात खिशात गेला. मास्तरांचा कागद खिशातच होता. तिची पाचावर धारण बसली. मास्तर मध्येच थांबले. कळलं वाटतं यांना, असं तिच्या मनात आलं. पण त्यांनी पुढे वाचलं, अगदी शेवटपर्यंत, आणि साठ-सत्तर माणसांनी सवयीने एका सुरात म्हटलं, "आमेन."

आमेन म्हणून झाल्यावर आपण कशाला आमेन म्हटलं, याचा लोकांनी विचार केला. पहिला उठला तो लाकडाच्या वखारीचा मालक, कमिटीतला वजनदार माणूस. त्याने पुढे येऊन मास्तरांच्या हातातला कागद घेतला, वाचला आणि घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. "आमच्या वाडवडिलांनी जे मानायला नकार दिला म्हणून घरंदारं सोडली, ते आज माझ्या तोंडून वदवून घेतलंत, मास्तर," तो म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच वाईट वाटलं.

बाहेर अंगणात रेंगाळणाऱ्या मिस्सेवाल्यांनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं. औषधाच्या दुकानाचा मालक हा त्यांच्या कमिटीचा म्होरक्या. तो आधी पोट धरून हसला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हसण्यापेक्षा रागावण्यात फायदा आहे. पवित्र पित्याची थट्टा झाली, असं त्याने जाहीर केलं. म्हणजे एकाच आमेनने दोन्ही बाजू दुखावल्या; एवढी ताकद त्या शब्दात आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. दुपारच्या आत दोघांनी नववं कलम शोधून काढलं. मुदत शनिवारी संध्याकाळी सहाला संपत होती, तेव्हा शनिवारी चारला बैठक ठरली.

उपासनेचे पाळकसाहेब भला माणूस. उपासना संपल्यावर ते तिच्यापाशी आले. "बाई, स्टँडवर तुम्ही काय ठेवलं होतं?"

खरं सांगायची वेळ हीच होती. पण मागच्या खोलीतून खोकला ऐकू आला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नेहमीचंच. मास्तरांचा कागद."

सोमवारी फादर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझा कागद तिथेच राहिला होता का गं?" त्यांनी हळूच विचारलं. बिशपांना काय तोंड दाखवायचं, हा घोर त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता. यांना काय ऐकायचंय, हे तिला कळलं. "मी उचलला होता, फादर. कपाटात ठेवलाय," ती म्हणाली. कपाटात एक कागद होताच. तो बाहेरच्या फळ्यावरचा; रविवारी सकाळी उपासनेआधी तिनेच काढून ठेवलेला. फादरांना तो आपला वाटला. त्यांनी असा सुस्कारा सोडला, की किल्लीवालीला स्वतःचीच भीती वाटली. एक खोटं एकटं राहत नाही, सोबतीला दुसरं बोलावून आणतं.

फादरांचा कागद कपाटात, तर मग फळ्यावरचा नेला कोणी? मास्तरांनी, दुसरं कोण? हिशेब जुळला. मास्तरांची बायको मूळची मिस्सेवाल्यांतली होती आणि कबरस्तानात मिस्सेवाल्यांच्याच बाजूला पुरलेली होती. मंगळवारपर्यंत गावभर झालं, की उतारवयात मास्तर बायकोच्या वाटेने चालले, फक्त उघड सांगायची हिंमत नाही. किल्लीवाली हे दुधाच्या रांगेत ऐकून आली. घरी येऊन तिने दूध तापत ठेवलं.

"सूनबाई," आतून आवाज आला, "माझ्या पाठीखाली काय कुरकुरतंय?"

मास्तरांचा कागद तिने म्हातारीच्या गादीखाली दडवला होता. तिथे कोणी हात घालणार नाही म्हणून. पण पाठीला थोडंच कळतं दडवलेलं? तिने कागद काढला आणि खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. सासूबाई एरवी वाक्यागणिक टोमणा मारणाऱ्या, पण मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत.

"गप्प राहा," शेवटी त्या म्हणाल्या.

"आणि मास्तर?"

"मास्तरांना घर आहे, मुलगा आहे, सून आहे. त्यांचं वाचन जाईल. आपलं छप्पर जाईल. वाचन आणि छप्पर सारखं नसतं." मग त्यांनी सुनेचं मनगट धरलं. पकड लहान मुलासारखी घट्ट होती. "मला भीती वाटते गं. मला कुठल्या दवाखान्याच्या ओसरीवर परक्यांच्या हाती नको टाकूस. मी मरेपर्यंत तरी गप्प राहा. तेवढं काही मी लांबवणार नाही."

तिने कागद एप्रनच्या खिशात परत ठेवला. जाळायला हवा होता, पण त्यावर प्रार्थना होती, आणि प्रार्थना जाळायची तिला वेगळीच भीती.

त्याच दुपारी वेदीवरचा दिवा दुरुस्त करायला वायरमन आला. तो तिसऱ्याच घरचा, ऑर्थोडॉक्स. त्यांचं चर्च पार लांब, वर्षातून दोनदा तो तिकडे जाई. शिडीवर चढून त्याने पडद्याकडे बोट केलं. "ह्याच्यावरूनच चाललंय ना? आमच्यात सांगतात, पेत्र म्हणजे थोरला भाऊ. पहिलं ताट त्याचं, मान त्याचा. पण धाकट्यांना न विचारता घर विकायचा हक्क त्याला कोणी दिला?"

"आणि थोरला चुकला तर?" शिडी धरून तिने विचारलं.

"तर धाकटे मिळून सांगतात."

"आणि सगळेच चुकले तर?"

"तर वायरमनला बोलावतात," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसत राहिला. तिला हसू आलं नाही. तिला सारखं एकच दिसत होतं, म्हातारीची खाट अंगणात उघड्यावर आणि भोवती लोक.

बुधवारी मास्तर आले. दर बुधवारी ते रिकाम्या चर्चमध्ये उभं राहून वाचनाचा सराव करत. त्या दिवशी ते स्टँडपाशी गेलेच नाहीत, पहिल्या बाकावर बसले. "पोरी, माझा कागद तुझ्याकडे राहिला का? सून म्हणते, तिने दिला होता."

कागद तिच्या मांडीपासून बोटभर अंतरावर, खिशात होता. "शोधते," ती म्हणाली.

"शोध. घाई नाही." काठीवर हनुवटी टेकून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, खडक म्हणजे पेत्राचा विश्वास. बरोबरच आहे म्हणा. पण तो विश्वास काही दगडाचा नव्हता गं. प्रभूला पकडून नेलं त्या रात्री शेकोटीपाशी एका मोलकरणीने पेत्राला विचारलं, तू त्याच्या माणसांतलाच ना? तर एवढा थोराड कोळी लटलट कापला, मी त्याला ओळखतही नाही म्हणाला. मोलकरणीला काय घाबरायचं? पण माणूस घाबरला ना, की समोर कोण आहे ते बघत नाही." मग म्हणाले, "वाचन बंद केलं तर करू देत. फक्त बुधवारी घरात बसून करायचं काय, तेवढं कळत नाही. घर फार शांत असतं."

तिच्या जिभेवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं. पण दातांनी सोडलं नाही. मास्तर काठी टेकत निघून गेले आणि ती बाकावर बसून राहिली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गुरुवारी तिला ताप भरल्यासारखं वाटलं. शुक्रवारी तिने सगळं चर्च धुऊन काढलं, गरज नसताना.

शनिवारी चारला तिनेच खुर्च्या मांडल्या. मधल्या वाटेच्या डाव्या हाताला सहा, उजव्या हाताला सहा, बरोबर मध्यावर टेबल. टेबलाच्या एका टोकाला फादर, दुसऱ्या टोकाला पाळकसाहेब, आणि त्यांच्यासमोर एकटे मास्तर. ती खांबाशी, मागे उभी राहिली. राखणदाराने बैठकीत हजर राहायचं, असं करारातच होतं.

वखारवाल्याने कागद टेबलावर ठेवला. "मास्तर, हा कागद तुम्ही कुठून आणलात?"

"स्टँडवर होता."

"तुमचा कागद सुनेने छापला होता. तो राखणदाराने ठेवला, असं ती स्वतः सांगते. हा फळ्यावरचा. म्हणजे तो बदलला कोणी?"

मास्तरांनी मान वळवली नाही. मागे खांबाशी कोण उभं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. किल्ल्यांचा आवाज त्यांना दिसण्यापेक्षा स्पष्ट ऐकू येत असे. "धरून चाला, मीच," ते म्हणाले. "आणि एक सांगतो. तिसऱ्या ओळीलाच मला कळलं होतं, हे आपलं नव्हे. थांबलो होतो मी. पण कागदावर लिहिलं होतं, की एक म्हातारा माणूस आहे, त्याच्यावर मोठं ओझं पडलंय आणि तो घाबरलाय. मी पोपला मानत नाही. काल मानत नव्हतो, उद्या मानणार नाही. पण घाबरलेल्या माणसासाठी आमेन म्हटल्याने माझा विश्वास पातळ होईल, असं मला वाटलं नाही. म्हणून वाचलं."

फादरांनी डोळे खाली घातले. दुकानवाला म्हणाला, हे तर थट्टेपेक्षा वाईट, ही दया झाली. वखारवाला म्हणाला, मास्तरांनी आता या चर्चमध्ये कधीच वाचू नये, मंडळीची क्षमा मागावी, आणि तसं लिहून प्रकरण मिटवावं. आयुष्यात पहिल्यांदा दुकानवाल्याला वखारवाल्याचं म्हणणं पटलं.

"फादर?" वखारवाल्याने विचारलं.

"मला वाईट वाटतं," फादर म्हणाले. "पण माझ्या हातात काय आहे? वर विचारावं लागेल. बिशप सांगतील तसं."

"पाळकसाहेब?"

"मलाही वाईट वाटतं," पाळकसाहेब म्हणाले. "पण मी एकटा कोण ठरवणारा? मंडळी म्हणेल तसं."

किल्लीवालीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. इतकी वर्षं ही माणसं यावरूनच तर भांडत आली, की हुकूम वरून येतो की सगळ्यांमधून येतो. आणि आज एकजण वर बोट दाखवतोय, दुसरा खाली, आणि मध्ये एक अधू डोळ्यांचा म्हातारा बसला आहे. मुदतीची आठवण करून दिल्यावर दोघेही आपापल्या कमिटीचे अध्यक्ष म्हणून सही करायला कबूल झाले. वखारवाल्याने ठराव लिहायला घेतला. दुकानवाल्याने सगळ्यांना हात वर करायला सांगितलं. बारा हात हळूहळू वर जाऊ लागले.

ती पुढे कशी आली हे तिला नंतर आठवत नव्हतं. टेबलाची कड धरून उभी राहिली. खिशातून मास्तरांचा कागद काढून तिने वखारवाल्याच्या पुढ्यात ठेवला. सहा दिवसांत घड्या पडून तो मऊ झाला होता.

"हा माझ्या खिशात राहिला. सासूबाई पडल्या म्हणून मी धावले. फादरांचा स्टँडवरचा उचललाच नाही. कपाटातला आहे तो फळ्यावरचा. मास्तरांनी काही केलं नाही. फादर, मी तुमच्याशी खोटं बोलले. पाळकसाहेब, तुमच्याशीही. मला फार भीती वाटली. आत्ताही वाटतेय."

"पोरी, गप्प बसायचंस," मास्तर पुटपुटले.

पण बाकीच्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. सुंठीवाचून खोकला गेला. चूक ना मिस्सेवाल्यांची, ना उपासनावाल्यांची. पेत्राला धक्का नाही, विश्वासाला धक्का नाही. राखणदाराची हयगय, बस्स. वखारवाल्याने जुना कागद फाडला आणि नवा घेतला. राखणदार बाईंनी महिन्याच्या आत खोल्या रिकाम्या कराव्यात, प्रकरण मिटलं असं उभयपक्षी मान्य. यावेळी हात झटकन वर गेले, सगळेच्या सगळे बारा. दहा मिनिटं लागली नसतील. या लोकांना पडद्याच्या रंगाला दोन वर्षं लागली होती.

साडेपाच झाले होते. खाली तिघांच्या सह्या हव्या होत्या, दोन अध्यक्षांच्या आणि राखणदाराची. फादरांनी पेन उचललं.

"एक मिनिट," वखारवाला म्हणाला. "आधी यांचीच का?"

"आधी नको तर काय?" दुकानवाला म्हणाला. "पेत्रापासून चालत आलेला मान आहे."

"तो तुमच्या घरात. या टेबलावर दोघे सारखे."

"मग शेजारी शेजारी करा."

"डावीकडे कोण?"

आणि सुरू झालं. डावीकडून वाचतात म्हणून डावी बाजू मोठी, असं एकाने काढलं. उजवा हात श्रेष्ठ, असं दुसऱ्याने. फादर म्हणाले, त्यांना स्वतःला काही वाटत नाही, पण कागद कचेरीत जाणार. पाळकसाहेब म्हणाले, त्यांनाही काही वाटत नाही, पण मंडळी विचारेल. पावणेसहा झाले. सहा वाजले की चर्चला कुलूप. मग महिना कसला, म्हातारीला उद्याच उचलावं लागलं असतं. आणि मास्तरांना ना रविवार उरला असता, ना बुधवार. किल्लीवाली उभी राहून ऐकत होती. आठवडाभर छातीवर बसलेली भीती तशीच होती, पण आता तिला या सगळ्यांची भीती दिसायला लागली. एकाला वरच्यांची, एकाला खालच्यांची, आणि दोघांना मिळून एकमेकांची. तिला त्यांचा राग आला, आणि कीवही. तिच्याजवळ निदान हरवायला आता काही शिल्लक नव्हतं.

तिने फादरांच्या बोटांतून पेन काढून घेतलं. कोणी अडवायच्या आत कागद स्वतःकडे ओढला आणि मजकुराच्या लगेच खाली, ज्या जागेवरून भांडण चाललं होतं तिथेच, सही केली. किल्लीवाली म्हणून नव्हे, पूर्ण नाव, बापाचं आणि नवऱ्याचं धरून. अक्षर वाकडंतिकडं आलं. मग कागद फिरवून तिने त्या दोघांपुढे ठेवला.

"आता खाली कुठेही करा," ती म्हणाली.

दोघांनी केल्या. कोणाची आधी झाली, इकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. सहाला पाच मिनिटं कमी होती. खुर्च्या सरकल्या, माणसं एकमेकांकडे न बघता बाहेर पडली.

मास्तर तिथेच बसून होते. "झाल्या का सह्या?" त्यांनी विचारलं. "कोणाची आधी?"

"माझी, मास्तर," ती म्हणाली. त्यांना हात देऊन तिने उठवलं, दारापर्यंत सोडलं, आणि मागच्या दाराने सासूबाईंना सांगायला निघाली. आता तिला तेवढीच भीती होती.